झाडलेली वाट

१

रविवार उजाडला की शुनसाकुच्या अंगात वारं शिरायचं.

एरवी हा माणूस असून नसल्यासारखा. आठवडाभर लाकूडतोड्यांच्या टोळीबरोबर देवदारांच्या रानात राबायचा, भाताचे गोळे एकटाच बसून खायचा, चार माणसांनी एकदम त्याच्याकडे पाहिलं तर त्याचे कान लाल व्हायचे. शाळा मधेच सुटलेली, त्यामुळे गावच्या बैठकीत तो दाराजवळची जागा धरून बसायचा. पण रविवारी पहार आणि कोयता घेऊन तो सगळ्यांच्या आधी डोंगराच्या पायथ्याशी हजर असायचा, आणि बाकीचे येईपर्यंत त्याच्या पायांना उसंत नसायची.

कारण पहिला दगड त्यालाच सापडला होता.

वसंतात, उन्मळून पडलेलं एक झाड हलवताना त्याची पहार खण्णकन वाजली. त्यानं हातानं पालापाचोळा बाजूला केला. खाली सपाट, घासून गुळगुळीत झालेला दगड. त्याला लागून दुसरा. पुढे तिसरा. शुनसाकु गुडघ्यांवर बसून वेड्यासारखा उकरत सुटला आणि मग आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या मोठ्यानं ओरडला, "वाट! तोकुजि-सान, सरदारांची वाट!"

"अरे बापरे, ह्याला आवाज आहे!" खालून तोकुजि म्हणाला. तोकुजि म्हणजे गावातला साके, तांदळाची दारू, विकणारा. गोल पोटाचा, बोलका, आणि उत्सव समितीचा प्रमुख. धापा टाकत तो वर आला, दगड पाहिले आणि तोही मटकन खाली बसला.

मुराओ संस्थानचे सरदार वर्षाआड एदो राजधानीत हजेरी द्यायला जात, ते ह्याच वाटेनं. भाले, पेटारे, घोडे, शेकडो माणसं आणि मध्ये सरदारांचा मेणा. पुढे सरदार गेले, संस्थान गेलं, नदीकाठानं नवा रस्ता झाला आणि डोंगरावर सरकारनं देवदार लावले. वाट कुठून जायची ते म्हाताऱ्यांना ऐकून ठाऊक होतं, पण ते दगड पाहिलेला एकही माणूस गावात उरला नव्हता.

बेत तिथल्या तिथे ठरला. घाटापासून गावापर्यंत सगळी वाट मोकळी करायची, आणि शरदातल्या उत्सवात पुन्हा एकदा तिच्यावरून स्वारी काढायची! भाड्याचे पोशाख, केसांचे टोप, पेंढ्याच्या चपला, सगळं अगदी जुन्यासारखं. पुढचा भाला शुनसाकुनं धरायचा, असं तोकुजिनं सगळ्यांदेखत जाहीर केलं, तेव्हा त्याचे कान नेहमीसारखे लाल झाले, पण तो हसत होता.

त्यातून वाट जाणार होती ती थेट शुनसाकुच्या फाटकासमोरून. त्याचं घर गावाच्या वरच्या टोकाला. फाटकापुढे सपाट पट्टी, आणि पट्टीच्या पलीकडे गावात उतरणाऱ्या पायऱ्या. ती पट्टीच वाट होती. इतकी वर्षं तो तिच्यावर मुळ्याची भाजी लावत होता.

आणि त्याच महिन्यात त्याच्या बायकोचे, तोमोएचे, दिवस भरत होते.

"तुझी वाट आधी येते की माझं बाळ, बघू," तोमोए म्हणायची.

२

पहिली विचित्र गोष्ट कुणाला विचित्र वाटलीच नाही.

पावसाळा संपल्यावरच्या एका रविवारी ते आदल्या खेपेला जिथे थांबले होते तिथे पोचले. पुढे अजून साफ करायचं होतं. कमरेएवढं बुटकं बांबूचं गवत, मध्येच काटेरी झुडपं. पण त्या गवताखाली दगड लख्ख दिसत होते. पालापाचोळा नाही, माती नाही. कडेच्या मऊ जमिनीवर खराट्याच्या रेघा उमटलेल्या.

"कोणीतरी पुण्य कमावून गेलं," तोकुजि खूश झाला. "नाव सांगत नाही बघा. शुन, लेका, तूच ना?"

"नाही हो."

"मग लाजतोस कशाला?"

सगळे हसले. शुनसाकुही हसला आणि कोयता घेऊन गवताला भिडला. कापता कापता त्याचा हात थांबला. गवत दाट होतं, बोटभर अंतरावर बोटभर जाड देठ. खराट्याच्या रेघा मात्र सलग होत्या. देठांच्या अलीकडून येऊन, देठांच्या पलीकडे, सरळ, एका ओढीत. जणू झाडणाऱ्याच्या वेळी तिथे गवत नव्हतंच.

त्यानं आपल्या मनाची समजूत घातली. पावसाचं पाणी वाहिलं असेल. पाणी अशाच रेघा ओढतं. पाणी रेघा चढावर नेत नाही, हेही त्याला लाकूडतोड्या म्हणून पक्कं ठाऊक होतं, आणि रेघा चढाकडे जात होत्या. पण वाट तर मोकळी होत होती! पुढच्या वळणावर काय सापडेल, ह्या उत्सुकतेपुढे पाण्याचा विचार किती वेळ टिकणार?

त्यानंतर दर रविवारी पुढचा तुकडा झाडलेलाच मिळायला लागला. काम दुपटीनं पुढे सरकलं. समितीचे लोक म्हणायचे, ह्या वर्षी नशीबच जोरावर आहे.

३

शेवटचा तुकडा म्हणजे शुनसाकुचं स्वतःचं अंगण. तो त्यानं एकट्यानं उकरला. मुळे उपटले, माती ओढली, आणि फाटकापासून चार पावलांवर जुने दगड वर आले तेव्हा तोमोएला हाका मारून बाहेर बोलावलं.

"बघ! आपल्या दारात होती!"

"दारात होती आणि माझे मुळे गेले," तोमोए म्हणाली. पण पोटाला हात लावून ती वाकली आणि अनवाणी पाऊल दगडावर ठेवून पाहिलं. "गार आहे रे. छान आहे."

दुपारी तोकुजि आला. जवाच्या चहाचे घोट घेत तो जुन्या स्वारीच्या गोष्टी सांगत बसला. स्वारी येणार म्हटली की वाट झाडून घ्यायची. फाटकाच्या दोन्ही बाजूंना स्वच्छ वाळूचे दोन टोकदार ढीग घालायचे, शेजारी पाण्याची बादली. माडीच्या खिडक्या बंद, कारण सरदारांच्या डोक्यावरून कोणी पाहायचं नाही. आणि भालदारांची आरोळी आली की जिथे असाल तिथे गुडघे टेकायचे, कपाळ जमिनीला.

"आणि कोणी नाही टेकलं तर?" तोमोएनं विचारलं.

"ते एक वेळ ओरडून सोडतील. पण स्वारी आडवी कापली तर खलास." तोकुजिनं हाताची कड मानेवर आडवी फिरवली. "पोर असो, म्हातारं असो. जागच्या जागी. माणूस पळून गेला तर स्वारी तिथेच थांबायची म्हणे, तो हाती लागेपर्यंत."

तोकुजि गेल्यावर शुनसाकुला राहवेना. नदीवरून तो पांढरी वाळू घेऊन आला, चाळली, आणि फाटकाच्या दोन्ही बाजूंना हातानं दाबत, पुसत दोन ढीग उभे केले. टोकं अगदी सुईसारखी. बादली भरून ठेवली. मागे सरकून पाहिलं आणि त्याचं मन भरून आलं. समितीतल्या कुणाला हे सुचलं नव्हतं!

संध्याकाळी पायऱ्यांवरून इसो-बासान चढून आली. गावातली जुनी सुईण, सगळ्यांची बासान, आजी. आता काम सोडलेलं, पण तोमोएचं पोट चाचपायला दर दोन दिवसांनी यायची. शुनसाकुलाही तिनंच जगात आणलं होतं. ती ढिगांपाशी थांबली.

"हे कोणी केलं?"

"मी. छान झालेत ना?"

"सांगावा घेऊन कोण आलं होतं?"

"कसला सांगावा?"

"अरे पोरा, माझी आजी सांगायची. आधी वरून माणूस यायचा, अमुक दिवशी येतोय म्हणून कळवायचा. मग वाळू घालायची. वाळू घातली म्हणजे घर तयार आहे, या, असं झालं. न बोलावता नाही घालत ती."

"उत्सवासाठीच आहे, बासान. रविवारी स्वारी येणारच आहे की. तोकुजि-सानची."

ढिगांना वळसा घालून ती आत गेली. शुनसाकुला क्षणभर वाटलं, पायानं मोडून टाकावेत. पण इतके सुरेख झाले होते.

सकाळी तो बाहेर आला तेव्हा ढीग त्याच्या हातचे राहिले नव्हते. जास्त उंच, जास्त रेखीव, आणि वाळूही नदीची नव्हती, बारीक आणि राखेसारखी फिकट. बादलीतलं पाणी बदललेलं होतं.

"माडीच्या खिडक्या का लावल्यास रे?" आतून तोमोए म्हणाली. "अंधार झालाय नुसता."

त्यानं मान वर केली. माडीच्या लाकडी झडपा बाहेरून बंद होत्या. तिथे हात पोचवायचा तर शिडी लागते, आणि शिडी दोन महिन्यांपासून तोकुजिकडे होती.

तोकुजिचीच मस्करी. दुसरं काय असणार? शुनसाकु स्वतःशी हसला. हसू ओठांवरच वाळलं, तरी त्यानं ते पुसलं नाही.

४

उत्सवाची सकाळ अशी उजाडली की पाहत राहावं! आभाळ निळंशार, मेपलची पानं पेटल्यासारखी लाल, खाली देवळात ढोलांवर हात साफ करणं चाललेलं. शुनसाकुनं निळा अंगरखा चढवला. टोप डोक्यावर नीट बसेना म्हणून तोमोए तो खिळे ठोकल्यासारखा दाबत होती आणि दोघं हसत होते.

हसता हसता ती थांबली. त्याच्या बाहीत तिची बोटं रुतली.

"शुन, पाणी गेलं."

"कुठलं पाणी?"

"अरे मठ्ठ माणसा, माझं!"

दिवस भरायला अजून दोन आठवडे होते. शहरातलं हॉस्पिटल तासाभराच्या वाटेवर. त्यानं अँब्युलन्स बोलावली. नदीकाठच्या रस्त्यावर उत्सवाची गर्दी आहे, वेळ लागेल, असं उत्तर आलं. तोमोएच्या कळा मात्र थांबायला तयार नव्हत्या. एक ओसरते न ओसरते तोच दुसरी.

"इसो-बासानला आण," ती दात आवळून म्हणाली. "जा. पळ."

तो टोपासकट पळाला. फाटक, वाट, पायऱ्या. इसोचं घर पायऱ्यांच्या तळाशीच. ती दारात बसून सुकवायच्या पर्सिमन फळांची साल काढत होती. त्याचं तोंड पाहूनच ती उठली, पिशवी उचलली आणि रबरी बूट घातले.

"भित्र्या, रडतोस काय? आनंदाची गोष्ट आहे."

"रडत नाही," तो म्हणाला. खरंच रडत नव्हता. काळीज छाती फोडून बाहेर येईल की काय असं त्याला वाटत होतं, आज, आजच, वाट आणि बाळ दोन्ही!

५

पायऱ्या चढून ते वर आले तेव्हा फाटक समोर होतं. मध्ये फक्त वाट.

ढोल ऐकू येत नव्हते. पक्षीही नाहीत. डावीकडे, घाटाच्या बाजूनं, वळणावर काहीतरी हललं. निळे अंगरखे. भाल्यांची टोकं, त्यांवर काळ्या पिसांचे गोंडे.

"लवकर निघाले की!" शुनसाकुनं मोबाईल काढला आणि तोकुजिला लावला. "तोकुजि-सान, थोडं थांबा, तोमोएला—"

"अरे कुठे आहेस तू, भालेवाल्या?" पलीकडून ढोल, हशा, भांड्यांचा आवाज. "आम्ही इथे देवळात चपलांच्या दोऱ्या बांधतोय. ह्या पेंढ्याच्या चपलांनी जीव घेतला. ये लवकर!"

शुनसाकुनं मोबाईल कानापासून दूर केला.

स्वारी चालत होती. शेकडो पावलं, आणि आवाज एकच, खराटा फिरल्यासारखा. मग आरोळी आली. मोठी नव्हती. शेजारी उभं राहून कोणी समजावून सांगावं तशी.

"खाली. खाली."

इसोचा हात त्याच्या मानेवर पडला आणि तो गुडघ्यांवर आला. कपाळ दगडाला टेकलं.

"वर पाहू नकोस," ती म्हणाली. "संपेपर्यंत हलू नकोस. मी जाते."

"पण बासान, आडवं—"

"सुईणीला अडवत नाहीत. कधीच अडवलेलं नाही."

त्याला फक्त जमिनीलगतचं दिसत होतं. पेंढ्याच्या चपला, पांढरे पायमोजे, एकामागून एक. मोज्यांवर धुळीचा ठिपका नव्हता. आणि मग त्यांच्यामध्ये इसोचे काळे रबरी बूट शिरले. त्याच क्षणी सगळी पावलं थांबली. जे उचललेलं होतं ते उचललेलंच, टाच वर, चवडा हवेत, जराही न डोलता. बूट पलीकडे गेले. फाटक करकरलं. पावलं खाली आली आणि स्वारी पुढे चालू लागली.

तो मोजत नव्हता. वाट पाहत होता, संपण्याची. ती संपेना. घोड्यांचे खूर गेले, पेटारे वाहणारे वाकडे पाय गेले, पुन्हा चपला, पुन्हा चपला. ही माणसं भाड्यानं आणलेली असतील, शहरातली नाटकमंडळी असेल, तोकुजिनं गंमत म्हणून लपवलं असेल. असं तो स्वतःला सांगत होता आणि दगडाचा गारवा कपाळातून आत उतरत होता.

घरातून तोमोए ओरडली. लांब, घसा फाटेपर्यंत. मग, "शुन!"

मग काहीच नाही.

बाळ रडायला हवं होतं. एवढं त्यालाही कळत होतं. तो श्वास रोखून ऐकत राहिला. रडणं आलं नाही. इसोचा आवाज आला नाही. समोर चपला सरपटत होत्या, घाई नसलेल्या, आणि त्या संपणार नव्हत्या, आज संध्याकाळपर्यंत नाही, कधीच नाही, आणि पलीकडे चार पावलांवर त्याचं सगळं होतं.

आयुष्यभर मान खाली घालून बसलेला शुनसाकु उठला आणि धावला.

ओल्या पेंढ्याचा आणि कापराचा वास नाकात भरला. कुणाला धक्का लागला नाही. डोळे मिटूनच जायचं त्यानं ठरवलं होतं, पण ठेचकाळला आणि ते उघडले. डाव्या हाताला, अगदी हातभर अंतरावर, काळा मेणा होता. त्याच्या खिडकीवरचा बांबूच्या काड्यांचा पडदा बोटभर वर झाला. आत नुसता अंधार. पण त्या अंधारातून कोणीतरी त्याचा चेहरा नीट, सावकाश पाहून घेतला.

६

"ओरड ना, ओरड गं बाई," इसो म्हणत होती, आणि तो दारात कोसळला तेव्हाच बाळ ओरडलं.

काय आवाज होता! माडीच्या बंद झडपा दणाणल्या. मुलगी. लालबुंद, मुठी आवळलेली, संतापलेली. गळ्याभोवती नाळ होती म्हणे, इसोनं ती सोडवली होती. तोमोए घामानं निथळत हसत होती, शुनसाकु हसत होता, बोटानं बाळाच्या तळपायाला शिवत होता आणि तळपाय रागानं आखडून घेतला की पुन्हा हसत होता. टोप अजून डोक्यावर तिरपा होता. त्याला वाटलं, एवढा आनंद माणसाला सोसवत असेल का?

इसोनं हात धुतले. मग त्याच्या कपाळावरच्या दगडाच्या ठशाकडे पाहिलं.

"संपली होती स्वारी, तू आलास तेव्हा?"

त्यानं मान हलवली. नाही.

"मेण्याच्या मागून आलास?"

"पुढून."

इसो खाली बसली. टॉवेल तिच्या हातात तसाच राहिला.

बाहेर शांत होतं. जाणाऱ्या पावलांचा आवाज नव्हता. थांबलेल्यांचाही नव्हता.

मग खालून ढोल आले. तोकुजिची स्वारी, खरी, गलका करत, एकमेकांना चिडवत. "शुन! अरे बापमाणसा! भाला कोण धरणार?" असं तोकुजि ओरडत होता. सगळे पायऱ्या चढून वर आले. ढोल एकदा वाजला, अर्ध्यात थांबला. हशा तुटला. एकेक आवाज बंद झाला, जणू दिवे विझावेत तसा.

"काय झालं? बघ ना रे," तोमोए म्हणाली.

त्यानं कागदी दार हातभर सरकवलं. गावची सगळी माणसं वाटेच्या दोन्ही कडांना गुडघ्यांवर होती. निळे अंगरखे, भाड्याचे टोप, कपाळं दगडांना. मध्ये वाट रिकामी, झाडलेली, उन्हात चमकणारी. शुनसाकुनं तोकुजिला फोन लावला. तोकुजिच्या बाहीत घंटी वाजू लागली. त्याची उत्सवाची धून, आनंदी, टणाटण. तो गोल माणूस थरथरत होता, पण त्यानं डोकं वर केलं नाही. घंटी वाजून वाजून बंद पडली.

तोमोएनं कोपरावर उठून बाहेर डोकावलं आणि तिचा चेहरा उजळला.

"अगं बाई! सगळं गाव वाकलंय! हिच्यासाठी?" तिनं बाळाला छातीशी धरलं. "शुन, हे तू सांगितलंस त्यांना?"

"मी नाही," तो म्हणाला.

दूर, नदीकाठच्या रस्त्यावर अँब्युलन्सचा भोंगा आला, वाढला आणि एकदम थांबला.

इसो त्याच्या जवळ सरकली. तिनं त्याचा हात घट्ट धरला, लहानपणी ताप भरल्यावर धरायची तसा.

"पोरा, नाव ठेव हिचं."

"आत्ता? नाव तर सातव्या दिवशी ठेवतात ना, बासान?"

"सातव्या दिवसाची वाट पाहू नकोस. आत्ता ठेव. बापाच्या तोंडून होऊ दे."

शुनसाकुनं तिच्याकडे पाहिलं. मग बाळाकडे. नावांचा विचार दोघांनी पुष्कळ केला होता, आणि त्या क्षणी सगळी नावं डोक्यातून उडून गेली होती. मग एक आलं. कुठून ते कळलं नाही, पण हेच, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"चिसे," तो म्हणाला.

"मोठ्यानं. बाहेर ऐकू जाऊ दे."

"चिसे!" तो ओरडला. "हिचं नाव चिसे! माझी मुलगी!"

"अरे ओरडतोस काय, वेड्या," तोमोए हसली. डोळे मिटत आले होते तिचे, थकून, सुखानं. "इथेच तर आहे ती."

बाहेर रिकाम्या वाटेवर लाकूड करकरलं. जड काहीतरी खांद्यांवरून उतरवून दगडांवर ठेवलं गेलं. मग पावलं हलली, अनेक, एकदम. ती घाटाकडे गेली नाहीत आणि गावाकडेही गेली नाहीत. फाटकातून आत आली, आणि दाराबाहेर, एकेक करून, चपला काढून ठेवल्याचा आवाज येऊ लागला.